झडप बदलून घरी आल्यावर : रुग्णपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२५

पुस्तिकेचा आवाका ठरला. छातीचं मधलं हाड उघडून हृदयाची झडप बदललेल्या किंवा दुरुस्त केलेल्या रुग्णाला डिस्चार्जच्या वेळी हातात द्यायची, खिशात मावेल एवढी मराठी पुस्तिका. वाचणारे तीन : रुग्ण, घरात त्याचं करणारं माणूस आणि गावातला डॉक्टर.

आपल्या वॉर्डातला नेहमीचा रुग्ण म्हणजे लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप (घशाच्या संसर्गानंतर येणारा, हृदयाच्या झडपा खराब करणारा) येऊन गेलेला, वय वीस ते पंचेचाळीस, बहुतेकदा बाई, मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आकसलेली, आता मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम साहित्याची झडप बसवलेली. परदेशी पुस्तिका साठी-सत्तरीतल्या, एओर्टिक झडप (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या तोंडाची) आकसलेल्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. त्यांत मोटार चालवणं, बागकाम आणि कुत्रा फिरवणं असतं. हंडा, हापसा, भाकरी, बाज, एसटी आणि उकिडवं बसायचा संडास नसतो. त्यामुळे कुठल्याही पुस्तिकेचं भाषांतर करायचं नाही, कोरं पान घेऊन बसायचं, यावर सगळे एकमत.

पानांची वाटणी : हाड, जखम, चालणं आणि कामं यांना निम्मी पानं. उरलेली निम्मी रक्त पातळ करायच्या गोळीला आणि आयएनआरला, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या तपासणीच्या आकड्याला. हाड तीन महिन्यांत जुळतं, पण मेकॅनिकल झडपेची गोळी जन्मभर चालते आणि घरी गेल्यावर जीव धोक्यात येतो तो बहुतेकदा तिच्यातल्या गोंधळामुळे.

१२ जून

पहिलं पान पक्कं. त्यावर फक्त एक चौकट : कोणती झडप, मेकॅनिकल की टिश्यू (प्राण्याच्या ऊतीची), कंपनी, नंबर, शस्त्रक्रियेची तारीख आणि आयएनआर किती ते किती ठेवायचा. झडपेच्या डब्यातून येणारं स्टिकर इथेच चिकटवायचं. ते फाइलमध्ये राहिलं की पुढच्या दवाखान्यात कुणालाच काही कळत नाही.

आयएनआरची ही किती-ते-किती पट्टी शल्यचिकित्सकाने स्वतः पेनाने भरायची. छापील आकडा ठेवायचा नाही, कारण तो सगळ्यांना सारखा नसतो. एओर्टिक जागी दोन पाकळ्यांची मेकॅनिकल झडप आणि दुसरा धोका नसेल तर साधारण २ ते ३. मायट्रल जागी २.५ ते ३.५. टिश्यू झडपेला बहुतेकदा तीन ते सहा महिनेच गोळी, तीही साधारण २ ते ३ वर. मात्र हृदयाचे ठोके कायम अनियमित असतील तर पुढेही चालू. एकाच गावात दोन रुग्ण असले की ते एकमेकांचे आकडे ताडून बघतात आणि एकाला वाटतं आपली गोळी जास्त झाली. म्हणून चौकटीखाली ठळक अक्षरांत : "हा आकडा तुमच्या झडपेचा आहे. दुसऱ्याच्या आकड्याशी जुळवू नका."

चित्रा झडपेबद्दल दोन ओळी ठेवल्या, कारण आपल्याकडे अनेकांना तीच बसते आणि "देशी म्हणजे कमअस्सल का?" हा प्रश्न हमखास येतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली ती घडली, १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसात बसवली. एकच चकती कलते आणि रक्ताला वाट देते. चकती टणक प्लास्टिकची, चौकट कोबाल्टच्या मिश्रधातूची. गोळीचे नियम तिलाही तेच.

१७ जून

छातीच्या हाडाचं पान. आज सर्वांत जास्त वेळ इथेच गेला आणि तो जायलाच हवा होता.

हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. पहिले सहा ते आठ आठवडे ते जुळत असतं, नीट ताकद यायला बारा आठवडे लागतात. तारा कायम आतच राहतात, त्या काढायच्या नसतात. "पाच किलोपेक्षा जास्त उचलू नका" हे सगळीकडे छापलेलं असतं; पण घरात पाच किलो म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. आपण घरातली वजनं लिहिली :

पाण्याने भरलेला तांब्या साधारण १ किलो : चालेल. दोन लिटर दूध : चालेल, दोन्ही हातांनी, अंगाशी धरून. पाच किलो आट्याची पिशवी : सहा आठवडे नाही. बारा लिटरचा भरलेला हंडा भांड्याच्या वजनासह १३-१४ किलो : तीन महिने नाही, आणि पुढेही डोक्यावर घ्यायच्या आधी विचारायचं. भरलेला घरगुती सिलिंडर जवळजवळ ३० किलो : नाही. सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर : तीन महिने नाही. लहान मूल : रुग्णाने खाली बसावं आणि मुलाला मांडीवर यायला सांगावं, स्वतः उचलायचं नाही.

वजनापेक्षा घातक आहे ती एका हाताची ओढ. एक हात जोरात ओढला की हाडाच्या दोन अर्ध्या भागांवर उलटसुलट ताण येतो आणि तार हाडात रुतते. फिजिओथेरपीच्या ताईंनी अशा ओढींची यादी करून दिली : एसटीत वरचा दांडा धरून उभं राहणं, दुकानाचं शटर, हापसा, रहाटाचा दोर, म्हशीचं दावं, मोटारसायकल स्टँडवर चढवणं, किक मारणं, बाजेवरून उठताना काठ ओढणं. हे सगळं बारा आठवडे बंद. हात मात्र जखडून ठेवायचे नाहीत. कोपर अंगालगत ठेवून केस विंचरणं, ताट वाढणं, कपडे घालणं पहिल्या दिवसापासून करायचं. घाबरून खांदे आवळून बसलेल्या रुग्णाचा खांदा आखडतो आणि मान धरते. तीन महिन्यांनी मग त्याचेच उपचार करत बसावं लागतं.

अंथरुणातून उठण्याची चित्रं चार : गुडघे वाकवा, अख्खं अंग एका कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, मग खालच्या कोपराचा हलका आधार घेत अंग सरळ करा. झोळ पडलेल्या बाजेवर हे जमत नाही, म्हणून पहिले दोन महिने लाकडी पलंग किंवा दिवाण. जमिनीवर अंथरूण नको. नातेवाइकांसाठी वेगळी ओळ : "काखेत हात घालून उचलू नका." मदत करायची तर पाठीमागून खांद्याच्या पात्याला आधार द्यायचा.

खोकला, शिंक, उचकी आली की उशी छातीशी घट्ट कवटाळायची. घडी केलेली चादरही चालते.

भाकरी थापणं हलकं काम समजतात. प्रत्यक्षात पीठ मळताना सगळं अंग तळहातावर येतं. ठरवलेला क्रम : चहा, भाजी निवडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, फोडणी आणि हलकी भांडी चौथ्या आठवड्यानंतर, दोन-चार भाकऱ्यांचं पीठ आठ आठवड्यांनंतर, पंगतीचा स्वयंपाक, धुणं पिळणं, उसळीचं जड पातेलं उतरवणं बारा आठवड्यांनंतर.

कुशीवर वळताना किंवा खोकताना हाडात "कट्" असा आवाज येत असेल, हाड सरकल्यासारखं वाटत असेल तर त्याच आठवड्यात दाखवायचं. सोबत ताप किंवा पू असेल तर त्याच दिवशी.

२४ जून

जखमेचं पान लहान ठेवलं. रोज साध्या साबणाने, हाताने, न घासता धुवायची; स्वच्छ पंच्याने टिपून कोरडी करायची. हळद, खोबरेल, पावडर, कडुनिंबाचा लेप, अंगारा यांपैकी काहीही लावायचं नाही. खाज येणं आणि आजूबाजूला बधिरपणा हे चालायचंच. पाण्यासारखे एक-दोन थेंब आले तर लक्ष ठेवा. घट्ट, पिवळं, वास येणारं आलं, कडा लाल होऊन गरम लागल्या, तर या.

स्त्रियांना फारसं सांगितलं जात नाही, पण खूप उपयोगी : समोरून हुक असलेली सुती, सैल पण आधार देणारी ब्रा दिवसा घालायची. स्तनांच्या वजनाने जखमेचा खालचा भाग दोन्हीकडे ओढला जातो आणि तिथेच ती उकलते.

मधुमेह असेल तर जखमेचं अर्धं औषध म्हणजे साखर आटोक्यात ठेवणं.

१ जुलै

श्वासाच्या व्यायामाच्या तीन बॉलच्या यंत्राचं चित्र बदललं. घरी नेल्यावर बहुतेक जण त्यात फुंकतात. बॉल श्वास आत ओढल्याने वर जायला हवेत. नळी तोंडात धरून हळूहळू आत ओढायचं, बॉल दोन-तीन सेकंद वर राहील असं बघायचं, नळी काढून श्वास सोडायचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा, पहिले दोन-तीन आठवडे. तिन्ही बॉल एका झटक्यात उडवण्यापेक्षा एक बॉल वर टिकवणं फुप्फुसाच्या तळाला जास्त कामाचं. चित्रात बाण नळीकडून तोंडाकडे दाखवायचा आणि खाली "ओढा" एवढाच शब्द.

चालणं : पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दर एक-दोन दिवसांनी एकेक मिनिट वाढवत सहा आठवड्यांपर्यंत सलग अर्धा तास. नाडी मोजून मर्यादा ठरवायचा विचार सोडून दिला. मायट्रलच्या पुष्कळ रुग्णांचे ठोके अनियमित असतात, त्यांची नाडी मनगटावर धड मोजता येत नाही. त्याऐवजी बोलण्याची कसोटी : चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम तुटला तर वेग कमी. थांबल्यावर दहा मिनिटांत श्वास पूर्ववत झाला नाही तर उद्या तेवढं चालायचं नाही.

पावसाळा आहे. चिखलात पाय घसरला तर माणूस हात टेकतो आणि सगळा भार छातीवर येतो. शिवाय गोळी चालू असताना डोक्याला मार लागणं वाईटच. पुस्तिकेत लिहिलं : पावसात ओसरी, देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा.

संडासासाठी सहा आठवडे कमोडची खुर्ची. उकिडवं बसणं हृदयाला सोसतं, पण उठताना नळ किंवा भिंत एका हाताने ओढली जाते. कुंथणंही टाळायचं, ऑपरेशननंतर वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतंच, तेव्हा इसबगोल डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करायचा.

८ जुलै

गोळीचं प्रकरण.

आपल्याकडे दोन गोळ्या चालतात : वॉरफरिन आणि ॲसेनोकुमारॉल, जुन्या नावाने निकुमॅलोन. दोन्हींचं काम एकच, पण मिलिग्रॅम सारखे नाहीत. ॲसेनोकुमारॉलची जेवढी मात्रा, त्याच्या जवळपास दुप्पट वॉरफरिन लागतं. दुकानदाराने "तेच आहे" म्हणत ३ मिलिग्रॅमच्या बदल्यात दुसरं ३ मिलिग्रॅम दिलं की आठवडाभरात आयएनआर भलतीकडे जातो. म्हणून औषधाचं मूळ नाव मराठीत मोठ्या अक्षरांत आणि शेजारी रिकाम्या पाकिटाचा तुकडा चिकटवायला जागा. दुकानात जाताना पुस्तिका न्यायची आणि दोन्ही नावं जुळवायची. रंगावरून ओळखायला शिकवायचं नाही. कंपनी बदलली की रंग बदलतो.

नव्या गोळ्यांबद्दल एक ओळ घालणं भाग आहे, कारण "आयएनआर न करावी लागणारी गोळी आली आहे" हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. मेकॅनिकल झडपेला ती चालत नाही. अशा गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली, तिचे निकाल २०१३ मध्ये आले. पुढे ॲपिक्साबॅनची चाचणीही थांबवावी लागली.

वेळ : रोज संध्याकाळी, दिवाबत्तीच्या सुमारास. रक्त सकाळी दिलं की दुपारी आकडा येतो आणि त्याच संध्याकाळच्या गोळीत बदल करता येतो. सकाळी गोळी घेणाऱ्याचा तो दिवस वाया जातो. विसरली तर त्याच रात्री झोपेपर्यंत घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यायची, दुप्पट घ्यायची नाही, वहीत फुली मारायची. ॲसेनोकुमारॉलचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे एक चुकलेला दिवसही आकड्यात दिसतो. डॉक्टरांना फुली दिसली नाही तर ते नसलेल्या कारणासाठी मात्रा वाढवतात.

तपासणी : घरी गेल्यावर तीन-चार दिवसांत पहिली, मग आठवड्याला, आकडा स्थिरावला की पंधरवड्याला, मग महिन्याला. महिन्यापेक्षा लांबवायची ती डॉक्टरांनी सांगितलं तरच. गोळी बदलली, नवं औषध आलं, जुलाब-ताप झाला, खाणं घटलं, तर आठवड्याच्या आत पुन्हा.

तपासणीतल्या गडबडीही लिहिल्या. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. आतल्या सायट्रेटचं (रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाचं) आणि रक्ताचं प्रमाण एकास नऊ असतं. रक्त कमी पडलं तर आकडा खोटा वाढलेला येतो. रुग्णाने नळीकडे बघावं आणि कमी भरली असेल तर म्हणावं. शक्यतो प्रयोगशाळा एकच ठेवावी. आकडा अगदीच विसंगत आला आणि रुग्ण ठीक असेल, तर मात्रा बदलण्याआधी त्याच दिवशी नमुना पुन्हा.

गावातल्या डॉक्टरसाठी शेजारच्या पानावर आठवड्याच्या बेरजेची रीत : रोज ३ म्हणजे आठवड्याला २१. मायट्रल झडप, आकडा २.१. दहा टक्के वाढवायचे तर आठवड्याला २३, म्हणजे दोन ठरलेल्या वारी ४, बाकी वारी ३. वार लिहून द्यायचे. "एक दिवसाआड" लिहिलं की कुठला दिवस आज, यावर घरात वाद होतो. आकडा पट्टीपासून ०.१-०.२ नेच सरकला असेल तर बहुधा मात्रेला हात न लावता लवकर तपासणी. दर वेळी थोडं खालीवर करणाऱ्याचा आयएनआर झोके घेत राहतो, कारण बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला चार-पाच दिवस ते आठवडा जातो आणि तोवर दुसरा बदल झालेला असतो.

१५ जुलै

श्रावण २५ तारखेला लागतो. आहाराचं पान त्याआधी फोटोकॉपी करून वॉर्डात देणार.

"पालेभाजी बंद" हे वाक्य सगळीकडून काढलं. मेथी, पालक, शेपू, चवळी, अंबाडी, माठ, मुळ्याचा पाला यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण बंद केल्याने आकडा उलट अस्थिर होतो : शरीरात के चा साठा उरत नाही आणि मग लग्नात खाल्लेल्या एका वाटीनेही आकडा कोसळतो. आहारतज्ज्ञांनी सुचवलेली ओळ : "जेवढी भाजी नेहमी खाता तेवढीच खा. आठवड्यात तीन दिवस एक वाटी, तर दर आठवड्याला तीन दिवस एक वाटी." शेतात मेथी निघाली म्हणून आठवडाभर दोन्ही वेळा मेथी, असं नको. फोडणीवरच्या कोथिंबिरीने काही होत नाही.

उपवासाने आकडा वर जातो. जेवण घटलं की के कमी पडतं, तेव्हा श्रावणी सोमवार, शनिवार आणि एकादशी धरणाऱ्याने ते आधी सांगावं आणि त्या महिन्यात एक तपासणी जास्त करावी. पहिले तीन महिने उपवास नको, कारण जखम आणि हाड भरायला प्रथिनं लागतात. वरण, उसळ, दही, अंडं खाणाऱ्याला अंडं. निर्जळी उपवास, लघवीची गोळी चालू असताना, कधीच नाही. आणि ही ओळ चौकटीत : "गोळीने उपवास मोडत नाही. गोळी चुकवू नका."

मीठ : लोणचं, पापड, खारे दाणे, फरसाण, सुकट आणि वरून मीठ घेणं बंद. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, त्याच कपड्यांत वजन. दोन दिवसांत दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. पाय सुजायची वाट न बघता फोन. घरी काटा नसेल तर पिठाच्या गिरणीतला किंवा आरोग्य उपकेंद्रातला, पण नेहमी तोच. पहिल्या महिन्यात भूक नसते, तोंडाला चव नसते आणि वजन थोडं उतरतं. त्याने घाबरायचं कारण नाही.

२९ जुलै

फाडून डॉक्टरला दाखवायचं पान. रुग्णाला औषधांची नावं पाठ करायला सांगण्यात अर्थ नाही; हे पान सरळ डॉक्टरशी बोलतं.

कंबर दुखली की दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळतं. या रुग्णाला ते नको : पोटातून रक्त जाऊ शकतं आणि कुल्ल्याच्या स्नायूत रक्ताची गाठ होते. वेदनेला पॅरासिटामॉल, पण दिवसाला दोन ग्रॅमच्या वर सलग काही दिवस लागलं तर आयएनआर बघायचा. आकडा चढवणारी नेहमीची औषधं : मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल, तोंडात लावायची मायकोनाझोल जेलसुद्धा. जुलाबाला म्हणून दिलेलं मेट्रोनिडाझोल आपल्याकडे सर्वांत जास्त आढळतं. आकडा पाडणारी : क्षयाचं रिफॅम्पिसिन, फिट्सच्या फिनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन. रिफॅम्पिसिन सुरू करताना आयएनआर बघायचा आणि त्याहून जास्त, संपताना. तेव्हा वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर रक्तस्राव होतो. ठोके अनियमित झाल्याने सुरू केलेलं अमायोडारॉनही आकडा चढवतं आणि बंद केल्यावर त्याचा अंमल कित्येक आठवडे रेंगाळतो, म्हणून त्या काळात तपासण्या जवळजवळ.

आकडा जास्त आला म्हणून परस्पर व्हिटॅमिन के चं १० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देऊ नये. रक्त जात नसेल तर बहुतेक वेळा एक-दोन गोळ्या थांबवून, पुन्हा तपासून भागतं. मोठ्या इंजेक्शनने झडपेवर गुठळी होऊ शकते आणि नंतर पुष्कळ दिवस गोळी लागूच पडत नाही. रक्त जात असेल तर प्रश्नच वेगळा, मोठ्या रुग्णालयात.

स्नायूतल्या इंजेक्शनांत पेनिसिलिनचा अपवाद ठळक छापायचा. ऱ्हुमॅटिक रुग्णाला झडप बदलली तरी बेंझाथीन पेनिसिलिन १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी, चालूच ठेवायचं असतं, कारण उरलेल्या झडपा तशाच धोक्यात असतात. "आता झडप नवी आहे, बंद करा" असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. आयएनआर पट्टीत असताना द्यायचं आणि जागा दहा मिनिटं घट्ट दाबून धरायची, चोळायची नाही.

५ ऑगस्ट

ताप. यावर एकच सांगणं, पण ते सांगायलाच हवं : १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप दोन दिवस टिकला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी), वेगवेगळ्या जागेहून तीन. दोन गोळ्या घेऊन आलेल्या रुग्णाचं कल्चर कोरं येतं आणि झडपेवर जंतू बसलेत की नाही ते आठवडे उलटले तरी कळत नाही. पहिल्या सहा आठवड्यांत ताप, छातीत टोचणं आणि दम एकत्र आले तर हृदयाच्या आवरणात पाणी साचलेलं असू शकतं; इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा.

दात : दोन वेळा घासणं, मिश्री आणि तंबाखू बंद. दात काढताना किंवा हिरड्यांचं काम करताना अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, एकदाच. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून थांबवून दात काढायला जायचं नाही. आयएनआर पट्टीत असेल तर साधा दात गोळी चालू ठेवूनच काढता येतो.

१९ ऑगस्ट

२७ ला गणपती. वॉर्डातल्या फलकावर लावलं : तीन महिने मूर्ती उचलायची नाही, मिरवणुकीच्या रेट्यात शिरायचं नाही, ढोल बांधायचा नाही. आरतीला उभं राहायला काहीच हरकत नाही.

२ सप्टेंबर

बायकांसाठीचं पान दोन पानांचं झालं. कमी करायचं नाही, असं ठरलं.

पाळीत रक्त जास्त जाणं गोळीमुळे वाढतं. तासाला एक पॅड भिजत असेल, गाठी पडत असतील, आठ दिवस उलटले तर आयएनआर आणि हिमोग्लोबिन. "सहन कर" हा सल्ला घरातून येतो म्हणून ही ओळ घरच्यांसाठीही छापली.

मूल : आधी ठरवून, आधी भेटून. गोळी सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाच्या हाडांना आणि नाकाला इजा करू शकते. मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त. पण पाळी चुकली म्हणून घाबरून गोळी स्वतः बंद केली तर झडप अडकून आईचा जीव जाऊ शकतो. म्हणून पाळी चुकल्यावर आठवड्याच्या आत चाचणी, त्याच दिवशी फोन, आणि डॉक्टर सांगेपर्यंत गोळी चालू. हे वाक्य तीनदा वाचून घ्यायचं. गर्भनिरोधनासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. कॉपर-टीने पाळीचं रक्त वाढतं. निरोध आणि नवऱ्याची नसबंदी हे पर्याय सर्वांत आधी मांडायचे.

शरीरसंबंध : दोन जिने न थांबता, दम न लागता चढता आले की चालेल, साधारण चार ते सहा आठवड्यांनंतर, हातांवर भार येणार नाही अशा रीतीने. हे कुणी विचारत नाही, म्हणून छापायचं.

१६ सप्टेंबर

मन. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात झोप मोडणं, भयंकर स्वप्नं, उगाच रडू येणं, विसराळूपणा, चिडचिड हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं कमी होत जातं. सलग दोन आठवडे कशातच गोडी वाटली नाही, जेवण-औषध टाकलं, तर डॉक्टरकडे. घरच्यांनी "आता बरा झालास की" म्हणून सोडून देऊ नये.

टिकटिक : मेकॅनिकल झडपेचा आवाज रात्री शांततेत जास्त येतो. कूस बदलली, पंखा लावला की कमी भासतो आणि काही महिन्यांत सवय होते. पण नेहमी येणारा आवाज अचानक बसका झाला किंवा बंद झाला आणि दम लागू लागला, तर झडपेवर गुठळी बसलेली असू शकते. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

३० सप्टेंबर

कामावर परतणं. बसून करायचं काम सहा ते आठ आठवड्यांनी, अर्ध्या दिवसापासून. दुचाकी तीन महिन्यांनी. शेती : खुरपणी, राखण तीन महिन्यांनी, नांगर, पोती, फवारणी इको आणि सहा मिनिटांची चालण्याची चाचणी बघून.

ऊसतोड कामगारांचं पान आजच लिहून काढलं, कारण दसरा परवा आहे आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या बीडकडून कारखान्यांवर निघतील. ऑपरेशनच्या पहिल्या हंगामात रुग्णाने फडात उतरू नये, हे स्पष्ट लिहिलं : मोळी डोक्यावर, कोयता हातात, दिवस उजाडायच्या आत काम आणि तपासणी कुठेच नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि मागे घरी एकटं राहायची सोय नसते, हेही खरं. म्हणून जे कुटुंबासोबत जातीलच त्यांच्यासाठी : पहिल्या पानाची झेरॉक्स जवळ, दोन महिन्यांच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत, कारखान्याजवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पीटी-आयएनआर होते का, हे निघण्याआधी आमच्याकडून विचारून घ्यायचं, तपासणीचे वार कॅलेंडरवर, आकडा आला की त्याच दिवशी पुस्तिकेच्या पानाचा फोटो पाठवायचा. पेनिसिलिनच्या इंजेक्शनची पुढची तारीखही. सरकारी आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या आणि औषधं किती दिवस बसतात, ते डिस्चार्जआधी आरोग्यमित्राकडून (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाकडून) लिहून घ्यायचं.

कोयता लागला : स्वच्छ फडकं ठेवून पंधरा मिनिटं सलग दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी सीटी स्कॅन.

१४ ऑक्टोबर

छापण्याआधीची वाचून बघायची फेरी. रुग्णाला "समजलं का?" असं न विचारता "आज संध्याकाळी काय कराल ते सांगा" असं विचारलं. त्यावरून झालेले बदल :

"½" काढून टाकलं. ते "एक-दोन" असं वाचलं जातं. आता "अर्धी" हा शब्द आणि शेजारी अर्धं काळं केलेलं वर्तुळ. आयएनआरच्या रकान्यात दशांशाचा टिंब पुसट आला की २.५ चं २५ होतं, म्हणून टिंब रकान्यात आधीच ठळक छापायचा, रुग्णाने दोन्ही बाजूंना आकडा भरायचा. रकाने पाचच : तारीख, आकडा, आठवड्याची एकूण मात्रा, पुढची तारीख, सही. शेवटच्या कव्हरवर १०८ आणि चार ओळी : तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळलं; टिकटिक बसकी आणि दम; काळी शी, न थांबणारं रक्त; डोक्याला मार. कव्हर लॅमिनेटेड, कारण पुस्तिका स्वयंपाकघरात आणि कंबरेला दोन्हीकडे राहते.

२० ते २३ दिवाळी. त्या दिवसांत बऱ्याच प्रयोगशाळा आणि औषध दुकानं बंद असतील. यादीतल्या प्रत्येक रुग्णाला १७ पर्यंत फोन : पाडव्यानंतर आठ दिवस पुरतील एवढ्या गोळ्या घरात आहेत का, तपासणी त्या आठवड्यात येत असेल तर १८ च्या आत करून घेणार का. फोन परिचारिका करतील, आकडे वहीत आणि इथे दोन्हीकडे नोंदवायचे. छपाईची प्रत प्रेसला २४ ला.